भाताच्या राखणीची रात्र

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला जाणारे बहुतेक लोक चोर्ला घाटासाठी जातात, धबधब्यापाशी फोटो काढतात आणि अंधाराच्या आत गोवा गाठतात. आम्हीही वज्रपोह्याच्या धबधब्याला गेलो होतो. पाणी उत्तम होतं, माणसं फार होती, आणि मोटारींतून मोठ्यानं गाणी लावलेली. त्याबद्दल एवढंच पुरे.

लिहावंसं वाटतं ते भाताच्या राखणीबद्दल. भीमगडच्या जंगलाला लागून असलेल्या एका वाडीत मित्राच्या काकांकडे मुक्काम होता. नोव्हेंबर उतरणीला लागलेला, लोंब्या पिवळ्या पडत आलेल्या. काका रोज रात्री शेतातल्या राखणीच्या माळ्यावर झोपायला जात. मी म्हटलं, येतो. काकूंनी घोंगडं दिलं आणि नाचण्याची भाकरी बांधून दिली.

मध्यरात्रीनंतर आवाज आला. पावलांचा नाही, उपटण्याचा. करकर, मग सपकन तुटल्याचा. काकांनी बॅटरी लावली तेव्हा चार-पाच गवे दिसले, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे. त्यातल्या मोठ्या नराचं वजन सहज आठशे-नऊशे किलो असेल. काकांनी डबा वाजवला. गवे वळले, पण पळाले नाहीत.

"बघा की, घाई काय करतंय. भरून घेतंय, मग रानात बसून चघळतंय," काका म्हणाले.

अगदी बरोबर सांगितलं त्यांनी. गवा रवंथ करणारा, चार कप्प्यांच्या पोटाचा. उघड्यावर जमेल तितकं पोटात ढकलायचं आणि आडोशाला जाऊन निवांत चावायचं, ही त्याची रीत. वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यानं तो गवत कापत नाही. जीभ गुंडाळून, खालच्या दातांवर दाबून ओढतो. म्हणूनच सकाळी पाहिलं तर नुसत्या लोंब्या गेल्या नव्हत्या. ओल्या मातीत बुडख्यांसकट रोपं उपटलेली होती.

अशा नुकसानीनं काकांना येणारा राग मला समजला. पण गवा बांध ओलांडून इथवर का येतो, हेही समजून घ्यायला हवं. पावसाळ्यात सड्यांवर, म्हणजे डोंगरावरच्या कातळी पठारांवर, कोवळं गवत असतं, तेव्हा कळप तिथे चरतात. पावसानंतर ते गवत वाळतं, राठ होतं. चाऱ्यातली प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की पोटातल्या जिवाणूंना नायट्रोजन पुरत नाही, पचन मंदावतं. पोट भरलेलं असूनही जनावर उपाशी राहतं. मग गवा पाल्याकडे, बांबूच्या पानांकडे, सालीकडे वळतो. आणि त्याच दिवसांत रानाच्या कडेला दाणा भरलेलं भात उभं असतं. त्याला लोभ म्हणणं मला पटत नाही.

सगळ्यांना हा हिशेब सारखा लागू नाही. पिसोरी हा हरणासारखा चिमुकला प्राणी, तीन किलोचा. पोट एवढंसं आणि शरीराला इंधन मात्र वेगानं लागतं. राठ गवत तिला चालतच नाही. पडलेली फळं, कोवळी पानं वेचून खाते. भेकराचंही साधारण तसंच. हत्तीचं उलट. नागरगाळीच्या बाजूला तो येतो, तेव्हा ऊस आणि केळी साफ करतो. तो रवंथ करत नाही, खाल्लेलं निम्म्याहून कमी पचवतो, त्यामुळे दिवसाचे सोळा-सोळा तास खात राहतो, दीडशे किलोच्या आसपास. त्याच्या लिदीत काड्या तशाच दिसतात. गव्याचं शेण बारीक दळलेलं असतं.

मला चीड येते ती रानाच्या अवस्थेची. भीमगडला २०११ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर केलं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. नकाशावर हिरवं दिसतं. पण वाडीभोवतालच्या मोकळ्या जागांत रानमोडी नावाचं तण इतकं माजलं आहे की खाली गवताला जागा नाही, आणि ते स्वतः कुणी खात नाही. आकेशियाच्या लागवडीखालीही चरण्याजोगं फारसं काही उगवत नाही. गव्यानं रानातच राहावं असं वाटत असेल तर रानमोडी उपटून सडे मोकळे करायला हवेत. शेताभोवती चर खणण्याआधी हे व्हावं, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी कणकुंबीला माउली देवीचं दर्शन घेतलं, मलप्रभेचं उगमस्थान पाहिलं. काका आले नाहीत. दाणा पूर्ण वाळायला अजून आठवडा हवा होता, तरी त्यांनी सकाळीच कापणीला माणसं सांगितली. ओलं भात गिरणीत कणी जास्त पाडणार, हे त्यांना ठाऊक होतं. "कणी तर कणी, पेजेला चालतीय," म्हणाले, आणि विळ्याला धार लावायला बसले.