मायसोबत शिवपूरच्या बागेत

धाकटा भाऊ शिवपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. कॉलेजला लागूनच ती हावड्याची जुनी वनस्पती बाग, आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाची. यंदा धान चुरून झाला तशी मायला घेऊन गोंदियाहून गीतांजली पकडली. मला बाग पाहायची होती, मायला पोरगा.

हावडा स्टेशनवरून बस मिळते, कंडक्टर ‘बी गार्डन, बी गार्डन’ ओरडत असतो. सोमवारी बाग बंद असते, तेवढं पाहून निघा.

२७३ एकरांची बाग, एका अंगाला हुगळी. सगळे जातात तसे आम्हीही आधी वडाकडे गेलो. एकटं झाड साडेचार एकरांवर पसरलंय. आमच्या धानाच्या साऱ्या बांध्या मिळूनही एवढं होत नाही. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत ते मोडलं, बुरशी लागली, आणि १९२५ मध्ये मूळ खोडच कापून काढावं लागलं. आता तीन हजारांवर पारंब्यांनी झाड पेललंय. माय कुंपणापाशी उभी राहून बराच वेळ खोड शोधत होती. “खोडच नाही त वटसावित्रीले सूत कोणाले गुंडाळाव वो?” भाऊ हसत सुटला. मी वनस्पतीशास्त्र शिकवते, पण यावर मला काही बोलता आलं नाही.

तिला खरी गंमत वाटली ती वेड्या झाडाची. या झाडाची दोन पानं एकसारखी नसतात. खाली पडलेली तिने पदरात गोळा केली: एक लांबट, एक मधेच फाटल्यासारखं, एकाची कड कुरतडल्यागत. मग सवयीने एकावर एक लावायला बसली. माझ्या मायचा जन्म तेंदूपत्त्यात, विडीची पानं तोडण्यात गेलाय. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जायचं, दुपारी अंगणात बसून सत्तर पानांचं पुडकं बांधायचं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे ठेकेदाराचा मुन्शी पुडके मोजून घेतो तिथे, न्यायचं. पानं जुळेनात तशी तिने ती खाली टाकली. “असे पानं नेले त मुन्शी पुडका फेकून देईन.”

बाग कोणी केली म्हणून तिने विचारलं, तर मी सांगू लागले. १७८७ मध्ये कंपनीच्या रॉबर्ट किडने. फिरायला नाही, जहाजांसाठी साग आणि व्यापारासाठी मसाले इथे वाढवावेत म्हणून. पुढे चीनहून आणलेलं चहाचं बी इथेच रुजवून रोपं आसामकडे पाठवली. माय म्हणाली, “म्हंजे डेपोच होता.” आलापल्लीचा साग आणि वनखात्याचा डेपो पाहिलेल्या बाईला हे कळायला एवढाच वेळ लागला. मी बीएस्सीला ही बाग ‘विज्ञानाचं माहेरघर’ म्हणून पाठ केली होती!

नदीकडे रॉक्सबर्गचं घर आहे. हा १७९३ पासून बागेचा प्रमुख. आपल्या तेंदूला डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन हे शास्त्रीय नाव त्यानेच दिलं. त्याच्यासाठी हिंदुस्थानी चित्रकारांनी झाडांची अडीच हजारांवर चित्रं काढली, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावंही उरली नाहीत. मायचा प्रश्न त्याच्याही मागचा होता: “त्याले डगाली कोणं आणून देल्ली असन?”

परतताना निंदण करणाऱ्या बाया सावलीत बसल्या होत्या. माय सरळ त्यांच्यात जाऊन बसली. तिचं हिंदी आमच्या बाजारातलं, त्यांचं बंगालीमिश्रित. एकीचं माहेर मुर्शिदाबादचं, तिथे घरोघर विड्या वळतात. तिने बोटांनी पान गुंडाळून दाखवलं, मायने पुडकं बांधून दाखवलं. मग हजार विड्यांचे किती आणि शंभर पुडक्यांचे किती, असा हिशेब निघाला. दोघींनाही आपलाच भाव कमी वाटला. ठेकेदाराला घातलेल्या शिव्या दोन्हीकडे बिनचूक पोचल्या. भाऊ घड्याळ पाहत होता, कारण त्याला आम्हाला ताडांचं मोठं ‘पाम हाऊस’ दाखवायचं होतं. तिथे पोचलो तोवर ते बंद झालं होतं.