आमची वाटचाल : भाड्यात काय, भाड्याबाहेर काय

2006 साली आम्ही नवरा-बायकोने डोंबिवलीत सहलींचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमच्याकडे एक टेबल, एक फोन आणि भाड्याने घेतलेली 17 आसनी टेम्पो ट्रॅव्हलर एवढंच होतं. अष्टविनायक, गाणगापूर, कोकण दर्शन. भाव सांगताना "राहणं, नाश्ता, दोन वेळचं जेवण, सगळं यात आलं" असं म्हणायचो, आणि ते खरंच असायचं. अभिषेक आणि खरेदी सोडली तर प्रवाशाला पाकिटात हात घालावा लागत नसे.

2014 मध्ये पहिला क्रूझचा ग्रुप नेला. सिंगापूरहून चार रात्रींची बोट, 22 जण, बहुतेक निवृत्त शिक्षक आणि बँकेतली मंडळी. मी सोबत होते. जाण्याआधी सवयीने तेच सांगितलं होतं, "सगळं यात आलं." शेवटच्या रात्री प्रत्येक केबिनच्या दाराखालून हिशेबाचा कागद आत आला. माणशी दर रात्री 12 डॉलर ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, आपोआप लावलेली. जोडप्यामागे 96 डॉलर. वर केबिनमधल्या पाण्याच्या बाटल्या, जेवताना मागवलेली शीतपेयं, काढून घेतलेले फोटो. सकाळी एक सर माझ्यापाशी आले. आवाज जराही न चढवता त्यांनी विचारलं, "ताई, हे तुम्हाला आधी माहीत होतं का?"

मला माहीत नव्हतं. ज्यांच्याकडून केबिन घेतल्या त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. परत आल्यावर ग्रॅच्युइटीचे 1,056 डॉलर, तेव्हाचे साधारण 65 हजार रुपये, आम्ही सगळ्यांना परत केले. त्या सहलीत मिळवलेलं सगळं त्यात गेलं. ह्यांनी एका शब्दानेही विरोध केला नाही, हे इथे लिहायलाच हवं.

मग मी बोटीचं भाडं शिकायला बसले. जाहिरातीतला आकडा बहुधा एका केबिनमध्ये दोघं धरून माणशी लावलेला असतो. एकट्याने जायचं तर तेच भाडं जवळपास दुप्पट होतं. उलट त्याच केबिनमध्ये तिसरा-चौथा माणूस बराच स्वस्तात जातो. आमच्याकडे एकट्या राहणाऱ्या मावश्या-आत्या पुष्कळ येतात, त्यामुळे त्यांच्या जोड्या लावून देणं हे आमचं मोठं काम झालं आहे. भाड्यात केबिन, मुख्य डायनिंग हॉल आणि बुफेतलं जेवण, नाट्यगृहातले कार्यक्रम, पोहण्याचा तलाव, जिम एवढं येतं. बुफेतला साधा चहा, कॉफी, पाणी बहुतेक बोटींवर फुकट. तीच कॉफी कॅफेत घेतली की बिल. दारू, खास रेस्टॉरंटं, स्पा, वाय-फाय, कपडे धुणं आणि बंदरावर उतरून केलेली सहल, हे सगळं वेगळं. बोटीवर रोख चालत नाही. केबिनची किल्ली असलेलं कार्डच सगळीकडे दाखवायचं, त्यामुळे खर्च होतोय हे हाताला जाणवतच नाही.

पोर्ट चार्जेस आणि कर तर पूर्वी जाहिरातीत बारीक अक्षरांत असत. 1 जुलै 2024 ला कॅलिफोर्नियात किमतीच्या पारदर्शकतेचा कायदा लागू झाला आणि मोठ्या अमेरिकी क्रूझ कंपन्या तिथे ही रक्कम धरूनच भाडं दाखवू लागल्या. टिप मात्र तरीही बाहेरच राहिली. आपल्याकडे अजून प्रत्येक कोटेशन फोडूनच बघावं लागतं. त्यात ऑक्टोबर 2020 पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच विकणाऱ्याने वसूल करून सरकारकडे भरायचा आयकर, आला. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हे प्रत्येकाला समजावून सांगतो, कारण अनेकांना ते पैसे गेलेच असं वाटतं.

सप्टेंबर 2021 मध्ये कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची मुंबई-गोवा बोट सुरू झाली तेव्हा माझे सासरे खूष झाले. भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने वेंगुर्ल्याला गेलेला माणूस. तिकीट बोटीचं, शिदोरी घरची, एवढा सरळ हिशेब होता तो.

आमचा हिशेब आता दोन रकान्यांच्या कागदावर असतो: 'आत' आणि 'बाहेर'. ग्रॅच्युइटी आम्ही शक्यतो आधीच भरून 'आत' घेतो. त्यामुळे आमचा भाव शेजारच्या एजंटपेक्षा जास्त दिसतो आणि काही गिऱ्हाइकं उठून जातात. जाऊ देतो. मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवायची सूचना ठळक अक्षरांत आहे. भर समुद्रात फोनने बोटीचं उपग्रहाचं नेटवर्क पकडलं की घरी येणारं बिल डोळे पांढरे करतं. स्वतःच्या टॅक्सीने बंदरात फिरायला गेलात आणि उशीर झाला तर बोट थांबणार नाही, हेही त्यात आहे.

तेच सर 2017 मध्ये पत्नीसह पुन्हा आमच्याबरोबर आले. निघण्याआधी त्यांनी कागद नीट वाचला, खिशातलं पेन काढलं आणि 'बाहेर'च्या रकान्यात खाली लिहिलं, "केबिनमधली बाटली उघडण्यापूर्वी दर पाहावा." त्यांचं ते वाक्य आम्ही तसंच छापतो.