पार्ट वॉशरमध्ये (मशीनचे सुटे भाग धुवायच्या टाकीत) नक्की काय भरायचं?

भोसरीच्या शेडपासून नाना पेठेतल्या गॅरेजपर्यंत अजूनही पोरं पेट्रोलने पार्ट धुताना दिसतात आणि खरं सांगतो, बघून पोटात गोळा येतो. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते तो) उणे ४० डिग्रीच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या ऐन थंडीतही त्याची वाफ पेटायला तयारच, त्यात ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जाते आणि पार तिकडे कोपऱ्यातल्या ग्राइंडरची एक ठिणगी पुरते.

रॉकेल किंवा एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑइल, रंगात मिसळतात ते) त्यापेक्षा बरं, पण त्यांचाही आकडा साधारण ३५-४० आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली आपल्याकडे तेवढं तापतंच की! म्हणून मी आधी डेटा शीट (केमिकलचं माहितीपत्रक) मागतो, फ्लॅश पॉइंट ६० च्या वर असेल तरच कॅन उचलतो. असं डिअरोमॅटाइज्ड (उग्र वासाचे अरोमॅटिक घटक काढलेलं) सॉल्व्हंट महाग पडतं, वाळायलाही वेळ लावतं, पण वास कमी येतो, डोकं चढत नाही, आणि रात्रभर गाळ खाली बसू दिला की वरचं परत वापरता येतं. ग्लोव्हज मात्र नायट्राइलचेच घाला.

पाण्यातलं अल्कलाइन (सोड्यासारखं) केमिकलही छान काम करतं, फक्त ते गरम लागतं, आणि कॉस्टिक सोड्याचं असेल तर अ‍ॅल्युमिनियमची कार्ब्युरेटर बॉडी काळी पडते. बेअरिंग त्यात धुतलं तर लगेच वाळवून तेल लावा, हवा मारताना गरगर फिरवू नका. आणि क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर मारलेल्या पार्टला वेल्डिंग अजिबात नको, फॉस्जीन तयार होतो, जीवघेणा गॅस आहे तो.