शिळं पाणी

आमच्या गावाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर. मी नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात अभियंता होतो. पाण्याच्या दिवशी पहाटे पाणी सोडणाऱ्या वॉलमनबरोबर गल्ल्यांतून फिरायचो, तेव्हा नळाला पाणी यायच्या आधीच गटारं वाहताना दिसायची. तीन दिवसांपूर्वी भरलेलं पाणी लोक ओतून देत असायचे. "शिळं झालं हो साहेब ते, आता ताजं येईलच की," असं एका काकूंनी मला सांगितलं. त्यांचं काही चुकत नव्हतं. पाणी परवा नक्की येईल याची खात्री नाही, म्हणून घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. आणि आलंच, तर उरलेलं ओतून पुन्हा भरायचं.

त्याच काळात 'पाणी वाचवा' म्हणत आमची भोंग्याची रिक्षा गावभर फिरत होती. दोन महिने फिरली. जलकुंभातून सुटणाऱ्या पाण्यात काही फरक पडला नाही. पडणार तरी कसा? वर्षाची पाणीपट्टी एकच ठरलेली. तोटी उघडी ठेवा नाहीतर बंद करा, पावती तेवढ्याच रुपयांची.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी लातूरला पाणी गेलं. त्या बातम्यांनी आमच्याकडेही सगळे हादरले आणि इतकी वर्षं लोंबकळत पडलेला नळांना मीटर बसवायचा ठराव सभेत मंजूर झाला. कराडशेजारच्या मलकापूरला मीटर लावून चोवीस तास पाणी देणारी योजना आधीच चालू होती. आम्ही ती बघून आलो. तिथल्या एका घरात पाणी साठवायला पिंपच नव्हतं, हे माझ्या मनात घर करून राहिलं.

मीटर बसवायला निघालो आणि पहिल्याच गल्लीत अडलो. "आधी तुमचा कोपऱ्यावरचा वॉल बघा," लोक म्हणाले. वॉल म्हणजे लाइनचं पाणी सोडायची-बंद करायची झडप. तिच्या खड्ड्यात कायम पाणी साचलेलं, म्हशी तिथेच पाणी प्यायच्या. लोकांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. स्वतःची गळती रस्त्यावर वाहत असताना लोकांना बचतीचं सांगायला आमच्याकडे तोंड नव्हतं. मी मुख्याधिकाऱ्यांकडे हट्टच धरला: आधी गळती, मग मीटर. तीन महिने आम्ही फक्त वॉल आणि जुने नळजोड दुरुस्त केले. कागदावर मीटरचं काम लांबलं, पण नंतर लोकांनी आम्हाला दारात उभं राहू दिलं ते या तीन महिन्यांमुळेच.

दुसरी तक्रार हवेची. बंद असलेल्या लाइनला पाणी सोडलं की पुढे हवा ढकलली जाते आणि त्या हवेवरही मीटर फिरतं. "आम्ही हवेचे पैसे का भरायचे?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग उंचवट्यांवर हवा बाहेर सोडणारे एअर वॉल्व बसवले. शिवाय पहिली तीन बिलं 'फक्त माहितीसाठी' काढायची, पैसे घ्यायचे नाहीत, असं ठरलं. वसुली विभाग नाराज झाला. मला मात्र आजही वाटतं की सगळ्या प्रक्रियेत हाच निर्णय सर्वांत शहाणपणाचा होता. पैसे मागत नसलेलं बिल माणूस शांतपणे वाचतो.

पण वाचून कळायला तर पाहिजे! बिलावर 'वापर ३८ युनिट' असं छापलेलं. एक युनिट म्हणजे हजार लिटर, हे आम्हाला पाठ. घरात कोणाला माहीत? एक आजोबा विजेचं बिल समजून ते वायरमनकडे घेऊन गेले होते. पुढच्या बिलावर आम्ही बादलीचं चित्र छापलं आणि माणशी रोज किती बादल्या झाल्या ते लिहिलं. बादली वीस लिटरची धरली. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं असा केंद्राच्या नियमावलीतला आकडा आहे. म्हणजे पावणेसात बादल्या. त्या ३८ युनिटवाल्या घरात पाच माणसं होती, म्हणजे महिन्याच्या हिशेबाने माणशी रोज साधारण साडेबारा बादल्या. काकूंनी ते वाचलं आणि थेट कार्यालयात आल्या. "साहेब, एवढं पाणी आम्ही कुठे वापरतो? मीटर खोटं आहे तुमचं." या त्याच, शिळं पाणी ओतणाऱ्या काकू.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. घरातले सगळे नळ बंद करायला सांगितले आणि आम्ही दोघं मीटरच्या पेटीपाशी उकिडवे बसलो. मीटरच्या तबकडीवर एक लहानशी लाल चांदणी असते. धारेइतकंही पाणी पुढे सरकलं की ती फिरते. ती फिरत होती. आधी सावकाश वाटली, पण नजर लावून बसलं की थांबतच नाही. काकू पदर सावरून आणखी खाली वाकल्या. मग उठून त्यांनी स्वतः गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला, आणि चांदणी थांबली. टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट अडकला होता. जास्तीचं पाणी पाइपातून मागच्या भिंतीवरून गटारात जात होतं आणि तिकडे कोणी जात नसल्याने कोणाला दिसत नव्हतं. नवा फ्लोट बसला, पुढचं बिल २१ युनिटवर आलं. काकूंनी ती चांदणी सगळ्या गल्लीला दाखवली. त्यानंतर आमच्या मीटर वाचणाऱ्या मुलांनी प्रत्येक दारात हेच करायचं, असा मी नियमच केला.

एक मोठी चूक माझ्याच टेबलावर झाली. 'तुमच्या गल्लीचा सरासरी वापर' बिलावर छापायचा, म्हणजे शेजाऱ्याकडे बघून माणूस हात आखडेल, असा विचार होता. तो लागूही पडत होता. पण घरात माणसं किती हे आम्ही तिथे धरलंच नाही. नऊ माणसांच्या एका एकत्र कुटुंबाचा वापर माणशी बघितला तर गल्लीत सर्वांत कमी होता, आणि बिलावर मात्र त्यांनाच 'सरासरीपेक्षा जास्त' असा लाल शिक्का. त्या घरचे आजोबा आले तेव्हा रागावलेले नव्हते, दुखावलेले होते, आणि ते मला जास्त लागलं. मी त्यांची माफी मागितली. मग घरोघर माणसं मोजून घेतली.

तीच अडचण टप्प्याटप्प्याच्या दरात आली. पाच माणसांना माणशी १३५ लिटरने महिन्याला साधारण वीस युनिट लागतात. तेवढी स्वस्त, त्यापुढची महाग, असा दर ठरला. पण जुन्या वाड्यांत चार-चार भाडेकरूंना मिळून एकच नळजोड. चौघांचं पाणी एका मीटरवरून गेलं की ते सरळ महागड्या टप्प्यात. ज्यांच्याकडे सर्वांत कमी पाणी, त्यांनाच सर्वांत महाग दर! त्यासाठी वाड्यातल्या चुली मोजून तितक्या पटीने टप्पे वाढवून द्यावे लागले. हे करून घ्यायला दोन सभा आणि बरीच भांडणं झाली.

गळती आणि ओतून देणं कमी झाल्यावर तेच पाणी पुरायला लागलं. तिसऱ्या दिवसाचं दिवसाआड झालं, मग रोज. रोज यायला लागल्यावर शिळं पाणी ओतणं आपोआप थांबलं. त्यासाठी कोणाला काही सांगावं लागलं नाही.

बंगल्यांच्या वसाहतीत मात्र आम्हाला यश आलं नाही. तिथे वरच्या टप्प्याचा दरही कोणाला जड जात नाही, आणि दारात बोअर आहेच. बोअरवर मीटर नाही. गाडी रोज पाइप लावून धुतली जाते.

मी निवृत्त झालो त्या वर्षी बिलं मोबाइलवर पाठवायचं ठरलं. मेसेजमध्ये फक्त युनिट आणि रक्कम, बादली गेली. ज्यांना हवं त्यांना बादलीचं कागदी बिल चालू ठेवा, असा अर्ज मी शेवटच्या आठवड्यात दिला. तो मंजूर झाला. पहिली मागणी काकूंनी नोंदवली.