तुम्ही विचारलंत म्हणून: डोंगरात कुठला ई-रीडर नेता?

ट्रेकच्या ग्रुपवर माझा वाचतानाचा एखादा फोटो पडला की खाली प्रश्न ठरलेला. “ताई, कुठला आहे? वॉटरप्रूफ आहे का? डोंगरात टिकतो का?” आजवर मी “आयपीएक्स-8 बघून घे” (यंत्र पाण्यात किती टिकतं ते सांगणारी खूण) एवढं एका ओळीत सांगून सुटत आले. ते उत्तर आता माझ्याच्याने देववत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

आधी पाण्याचं, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. ती सोय कंपन्यांनी केव्हाच केली. कोबो कंपनीचा ऑरा एचटूओ हा वॉटरप्रूफ रीडर 2014 सालचा. अमेझॉनच्या किंडलमध्ये ओएसिस 2017 ला आणि पेपरव्हाइट 2018 ला पाण्याला तयार झाला. पेपरव्हाइटचा दावा आहे गोड्या पाण्यात 2 मीटर खोल, 60 मिनिटं. आता मला सांगा, आपण डोंगरात 2 मीटर पाण्याखाली तासभर कुठे बसतो? त्याच माहितीपत्रकात समुद्राच्या पाण्याचा आकडा असतो, तो कुणी वाचत नाही: पाव मीटर, 3 मिनिटं. किनाऱ्यावर तंबू ठोकणाऱ्यांनी तो पाठ करावा. आणि आयपीएक्स-8 मधला एक्स म्हणजे धुळीची पातळी दिलेलीच नाही. एप्रिलमधली लाल माती चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते, त्याबद्दल त्या आकड्यात चकार शब्द नाही. बरं, भर पावसात वाचता तरी येतं का? पडद्यावर थेंब पडला की यंत्राला ते बोट वाटतं आणि पान आपोआप उलटतं.

मोडतं ते दाबाने. हे मला राजगडावर कळलं.

काही वर्षांपूर्वीचा जुलै. गुंजवण्यातून चोर दरवाजाने वर चढलो, पद्मावतीच्या देवळात मुक्काम. सॅक भिंतीशी ओळीने लावलेल्या, माझी शिस्तीत उभी. ग्रुपमधली मागे राहिलेली मंडळी अंधारात, चिंब भिजून पोचली आणि त्यांनी आपल्या सॅक आमच्यांवर रचल्या. मग कुणीतरी बूट काढायला त्या ढिगावर टेकलं. कोण ते मला माहीत आहे, सांगणार नाही. माझ्या सॅकमध्ये रीडरला लागून स्टोव्हचा बर्नर होता.

सकाळी रीडर उघडला. वरच्या अर्ध्या भागात आदल्या रात्रीचं झोपेचं चित्र जसंच्या तसं. खाली उभ्या रेघा, मधे शाई सांडल्यासारखा काळा डाग. बोट फिरवून पाहिलं तर वरून गुळगुळीत, कुठे चरा नाही, तडा नाही. बटण दाबलं, उजेड लागला. टॅप केल्यावर डाव्या कोपऱ्यातली दोन-तीन अक्षरं बदलली. म्हणजे आत पुस्तक व्यवस्थित चालू होतं, पानंही उलटत होती, फक्त मला दिसत नव्हती. मी वेड्यासारखी आठ-दहा पानं पुढे गेले.

कारण नंतर वाचलं. या पडद्यात काळे-पांढरे विद्युतभारित कण असतात. एकदा जागेवर गेले की वीज नसली तरी तिथेच राहतात. म्हणून बॅटरी आठवडे टिकते आणि म्हणूनच मोडलेलं चित्रही तसंच गोठून राहतं. त्या कणांना हलवणारं जाळं असतं बहुतेक यंत्रांत एका पातळ काचेवर. वरचं आवरण धडधाकट, आतली काच पापडासारखी मोडलेली. प्लॅस्टिकच्या पाटीवरचे पडदे निघाले आहेत, 2018 च्या कोबो फॉर्मात तसा होता, पण ते मोजकेच. सर्व्हिस सेंटरवाल्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, हे वॉरंटीत बसत नाही, पडदाही बदलून मिळत नाही, नव्यावर सवलत देतो. वॉटरप्रूफ म्हणून जास्तीचे पैसे मोजलेलं यंत्र कोरडंठाक असताना गेलं.

पण खरं दुखणं वेगळंच. त्या दिवशी धुकं आणि पाऊस इतका, की उतरता येईना. ग्रुपमध्ये एक कॉलेजचा मुलगा होता. त्याच्याकडे भिजून दुप्पट फुगलेली रहस्यकथा. तो वाचलेली पानं फाडायचा आणि पुढच्याला द्यायचा. “काकू, घ्या.” ताईची काकू झाले तेही सोसलं. पान घेऊन दाराच्या उजेडात गेले, हात लांब केला, अजून लांब केला. चष्मा लावावा तर वाफेने आंधळा. कागद टिकला होता, मला वाचता येत नव्हतं.

तर हे आहे. “हजार पुस्तकं खिशात” वगैरे मी सांगते ते लोकांना सांगायला. मला चाळिशी लागली आहे आणि त्या यंत्रात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. म्हणूनच “कागदच बरा” म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते आणि कारण मात्र वजनाचं देते. “डोंगरात जाऊन वाचायचं कशाला?” विचारणाऱ्यांना तर मी उत्तरच देत नाही. तुम्ही रील काढता, मी विचारते का?

सध्या माझ्याकडे साधा 6 इंची आहे, 158 ग्रॅमचा, वॉटरप्रूफ नाही. झिपलॉकच्या पिशवीत घालते. पातळ प्लॅस्टिकवरूनही टच चालतो. आणि प्रवासात तो राहतो स्वयंपाकाच्या टोपात, तळाशी आडवा, वर नॅपकिन, झाकण दोरीने बांधलेलं. हसा खुशाल. त्या ढिगावर आता कुणीही बसावं. पूर्वीची मी मधेच म्हणते, अगं, ओढ्यात सॅक पडली तर? तिचं म्हणणं खोडता येत नाही. झिपलॉकची पकड किती दिवस टिकते ते मलाही ठाऊक आहे. हिमालयात जायचं झालं तर तिथे हा टोपही कामाचा नाही, थंडीत पडदा मंदावतो आणि बॅटरी बसते. तिथे अंगावरच्या कपड्यांच्या आत ठेवावा लागेल, म्हणजे पुन्हा दाब आलाच.

आणि अक्षर एवढं मोठं केलं की 6 इंचांत एका ओळीत चारच शब्द मावतात. नवा पेपरव्हाइट 7 इंची आहे, वॉटरप्रूफही. दुकानात दोनदा हातात घेऊन परत ठेवला. तो आमच्या टोपात आडवा बसत नाही.