कणकुंबी ते नविलतीर्थ: सेमिस्टरच्या पाहुण्यांबरोबर मलप्रभेच्या काठानं

पुण्यात किंवा गोव्यात एका सेमिस्टरसाठी आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांची अभ्याससहल बेळगावला यायची ठरते, तेव्हा कॉलेजकडून येणारा कागद बहुतेकदा सारखाच असतो. सकाळी किल्ला आणि त्यातली कमल बस्ती (जैन देऊळ), दुपारी गोकाकचा धबधबा, मग कित्तूर आणि संध्याकाळी बेळगावची मिठाई कुंदा. गोकाक एका टोकाला साठेक किलोमीटर, कित्तूर दुसऱ्या टोकाला पन्नास. म्हणजे अर्धा दिवस गाडीतच जातो. पर्यटकाला हे चालेल. पण जी मुलगी चार-पाच महिने इथे राहून पाणी, शेती किंवा भाषा शिकतेय, तिच्या वहीत अशा दिवसातून काहीच उतरत नाही.

आम्ही सीमाभागात या सहली आखतो तेव्हा एकच नदी धरतो. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि जिल्हा ओलांडत सौंदत्तीजवळ नविलतीर्थच्या धरणात अडते. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या या टापूत पाऊस भराभर कमी होत जातो आणि त्याच्याबरोबर सगळं बदलतं. उतरत्या कौलारू छपरांच्या जागी सपाट माळवदं येतात, तांबड्या मातीच्या जागी काळी, भाताच्या जागी जोंधळा आणि कापूस, मराठीच्या जागी कन्नड. चार दिवसांत इतकं डोळ्यांनी दाखवणारा दुसरा मार्ग आम्हाला तरी माहीत नाही.

वेळ निवडताना चूक झाली तर पुढचं काहीच सावरत नाही. जून ते सप्टेंबर कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस कोसळत असतो. जळवा असतात, चोर्ला घाटात दरड किंवा झाड पडलं की रस्ता बंद. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरची सुरुवात हा काळ सगळ्यात चांगला. नदीला पाणी असतं, खानापूरकडे भाताची कापणी-मळणी चालू असते आणि नोव्हेंबरपासून ऊस हलू लागतो. पण याच काळात दोन अडचणी येतात. 1 नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि त्याच दिवशी बेळगावचे मराठी लोक काळा दिवस पाळतात. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी प्रवास ठेवू नये. वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या एसटी बस सीमेवरच थांबतात. दुसरी अडचण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात होणाऱ्या कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाची. ते साधारण डिसेंबरात भरतं आणि शहरातली हॉटेलं मंत्री, अधिकारी, पोलिसांनी भरून जातात. डिसेंबरची तारीख घ्यायचीच असेल तर अधिवेशनाच्या तारखा कळल्याशिवाय आगाऊ पैसे भरू नका.

कागदपत्रांत सर्वांत जास्त घोळ होतो तो राहण्याच्या जागेचा. परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. सगळे त्याला सी-फॉर्म म्हणतात. हे हॉटेलला लागू आहे तसंच घरगुती मुक्कामालाही. खेड्यातल्या यजमानाला हे माहीत नसतं, लॉगिन नसतं, आणि रात्री नऊला गेल्यावर नेटवर्कही नसतं. म्हणून आम्ही मुक्काम बेळगाव किंवा खानापुरात, ज्यांना हा फॉर्म भरायची सवय आहे अशाच ठिकाणी ठेवतो आणि गावात दिवसभर राहतो. प्रत्येकाच्या पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसा आणि भारतात आल्याचा शिक्का यांच्या दोन-दोन छापील प्रती गाडीत हव्यात. फोनमधला फोटो चालतो असं गृहीत धरू नये.

सॅटेलाइट फोन आणि गिर्यारोहक वापरतात ते उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र, दोन्ही भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. युरोप-अमेरिकेत हे यंत्र दुकानात सहज मिळतं, त्यामुळे मुलं ते सॅकमध्ये टाकून येतात आणि विमानतळावर अडकतात. निघण्यापूर्वी प्रत्येकाला हे लेखी कळवायचं. ड्रोनही घरीच ठेवायला सांगायचं.

गाडी सतरा सीटांची टेम्पो ट्रॅव्हलर घ्यावी, त्यात चौदा जणच बसवावे. मागच्या सीटा सामानाला आणि आजारी पडणाऱ्याला लागतातच. मोठी बस हलशीच्या किंवा हबनहट्टीच्या रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला की मागे-पुढे करत बसते. गाडी महाराष्ट्रातून येणार असेल तर पिवळी पाटी आणि ऑल इंडिया टुरिस्ट परमिट हवंच. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण कोगनोळीजवळ सीमा ओलांडताना अडवली तर अख्खा गट रस्त्यावर उभा राहतो आणि अपघात झाला तर विमाही हात वर करतो. ऊस हंगामात अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागच्या लाल दिव्याशिवाय चाललेले असतात.

आता मार्ग. पहिल्या संध्याकाळी बेळगावातच थांबायचं. किल्ल्यात 1204 सालची कमल बस्ती आहे. तिच्या छतावरचं दगडी कमळ नीट पाहायला अर्धा तास ठेवा, मान वर करून सगळ्यांचं आळीपाळीनं पाहून होईपर्यंत तेवढा लागतो. तिच्यापासून जवळच सफा मशीद. किल्ल्याचा परिसर आणि कॅम्प भाग लष्कराच्या शेजारचा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच, त्यामुळे कॅमेरा कुठे बाहेर काढायचा आणि कुठे नाही हे गाडीतून उतरण्याआधी सांगायचं. तिथून टिळकवाडीला, जिथे 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव अधिवेशन.

रात्री जेवणाआधी एक तास सीमाप्रश्नासाठी. 1956 ची भाषावार प्रांतरचना, 1967 चा महाजन आयोगाचा अहवाल, 2004 साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, एवढा सांगाडा पुरेसा आहे. बोलायला दोन माणसं बोलवा, एक मराठी शिक्षक आणि एक कन्नड. आमच्यासाठी हा घराघरातला प्रश्न आहे, शाळेच्या माध्यमापासून दुकानाच्या पाटीपर्यंत आम्ही तो जगतो. म्हणूनच तो एकाच तोंडून ऐकवला जाऊ नये असं वाटतं. विद्यार्थ्यांना मात्र स्पष्ट सांगायचं: मोर्चा दिसला तर त्यात शिरायचं नाही, फलक हातात घेऊन फोटो काढायचा नाही. व्हिसा शिक्षणासाठी दिलेला असतो, आणि तो रद्द झाला तर सगळं सेमिस्टर बुडतं.

दुसऱ्या दिवशी सातला निघून जांबोटीमार्गे कणकुंबी. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर, पण वळणं आहेत. दीड तास धरा. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि नाश्ता जांबोटीत उतरून द्या, निघण्याआधी नको. माउलीच्या देवळाशी मलप्रभेचा उगम आहे. चपला बाहेर, गुडघे झाकलेले, आणि कुंडात हात-पाय घालायचे नाहीत. इथेच पाण्याचा मोठा प्रश्न समोर येतो. कळसा-बंडुरी योजना गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीच्या खोऱ्यातलं पाणी मलप्रभेत वळवू पाहते आणि गोवा तिला विरोध करतो. लवादानं 2018 साली कर्नाटकाला या वळवण्यासाठी 3.9 टीएमसी (म्हणजे 3.9 अब्ज घनफूट) पाणी मंजूर केलं. विद्यार्थ्यांना कालव्याचं काम बघायचं असतं. पण नकाशा आणि जीपीएस घेऊन तिथे फिरणारा परदेशी घोळका गावकऱ्यांना सर्व्हेवाला वाटतो. परवानगीचं पत्र नसेल तर कालव्याकडे जाऊ नका. त्यापेक्षा गावात बसून विहिरीला मार्च-एप्रिलमध्ये किती पाणी असतं हे विचारा. उगमाच्या गावातच उन्हाळ्यात टंचाई का, हा प्रश्न त्यातून आपोआप निघतो.

भीमगड अभयारण्य लागूनच आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. जानेवारीनंतरची सहल असेल तर पाचोळ्यात बसायचं टाळायचं, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घालायचे, संध्याकाळी अंग तपासायचं. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरीच्या पट्ट्यात माकडतापाच्या साथी येऊन गेल्या आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. परतताना हबनहट्टीला नदीच्या पात्रातला मारुती पाहावा. पावसाळ्यात देऊळ पाण्याखाली जातं. नदी किती चढते हे मोजायला तिथल्या खडकांवरच्या खुणा बघायला लावा आणि उंची टेपनं मोजून घ्या. पात्रात पोहू देऊ नका. वरून शांत दिसणाऱ्या डोहाखाली खडक आणि ओढ दोन्ही असतात.

तिसरा दिवस खानापूरचा, आणि आमच्या मते हाच सहलीचा गाभा. इथली तांबडी माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी नावाजलेली आहे. खादी आयोगाची केंद्रीय ग्राम पॉटरी संस्थाही इथेच. संस्थेला किमान दोन आठवडे आधी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र पाठवायचं. अनेक गटांना वाटतं की सकाळी चाकावर भांडं करावं आणि संध्याकाळी भाजून घरी न्यावं. हे होत नाही. ओलं भांडं सावलीत हळूहळू काही दिवस वाळावं लागतं. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि भांडं फुटतं, शेजारची भांडीही घेऊन. म्हणून कार्यक्रमच असा ठेवा की विद्यार्थी माती मळणं आणि चाक पाहतील, हातानं करूनही बघतील आणि भाजणी दुसऱ्यांनी आधी वाळवलेल्या मालाची पाहतील.

दुपारी शेतावर. खानापूर, बेळगाव, चंदगडकडे भाताची धूळवाफ पेरणी करतात. पावसाआधी कोरड्या मातीत बी टाकलं जातं, लावणीसारखी रोपं काढून चिखलात लावत नाहीत. मजूर कमी लागतात, पण पहिला पाऊस लांबला तर बी वाया जातं आणि तण जास्त येतं. विद्यार्थ्यांनी शेतकऱ्याला विचारायचे प्रश्न तीनच ठेवा: बी कधी टाकलं, किती वेळा भांगललं, एकरी किती पोती निघाली. सोळा प्रश्नांची छापील प्रश्नावली घेऊन गेलात की माणूस मळणी सोडून सरकारी माणसाशी बोलावं तसा बोलतो.

हलशी खानापूरहून चौदा-पंधरा किलोमीटर. कदंबांची ही जुनी राजधानी. भूवराह नरसिंह देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात वराह आणि दुसऱ्यात बसलेला विष्णू. आत अंधार असतो. टॉर्च हवी, फ्लॅश नको. नंदगड वाटेवरच. तिथे इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या संगोळ्ळी रायण्णाला 26 जानेवारी 1831 रोजी फाशी दिलं. इथे एक घोटाळा नेहमी होतो. नदीच्या क्रमानं जाताना नंदगड आधी येतं आणि कित्तूर दुसऱ्या दिवशी, पण इतिहासात राणी चन्नम्माची इंग्रजांशी झालेली कित्तूरची लढाई 1824 ची, रायण्णाचं बंड नंतरचं. आदल्या रात्री सालांची एक पट्टी कागदावर दिली नाही तर अहवालात सगळं उलटं लिहून येतं.

चौथ्या दिवशी एम. के. हुबळीला मलप्रभा हायवेखालून जाते. इथे दुभाषा बदलायचा. खानापुरात मराठी सांगणारा माणूस बैलहोंगलच्या कापूसवाल्याशी कन्नडात हिशेब बोलू शकेलच असं नाही, आणि तोडकं भाषांतर ऐकून मुलं आकडे चुकीचे लिहितात. कित्तूरचा किल्ला तासाभरात होतो. बैलहोंगलला राणी चन्नम्माची समाधी, पुढे काळी रानं, माळवदाची घरं. मग सौंदत्ती. पौर्णिमेच्या यात्रेचे दिवस टाळा. महाराष्ट्रातूनच इतक्या गाड्या येतात की डोंगरावर तुमची गाडी चढत नाही.

यल्लम्माच्या डोंगरावर विद्यार्थ्यांना देवदासी प्रथेवर मुलाखती हव्या असतात. 1982 च्या कायद्यानं कर्नाटकात या प्रथेवर बंदी आली, पण त्यातून गेलेल्या बाया हयात आहेत. वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्या बाईसमोर माइक धरणं आम्ही पूर्ण बंद ठेवतो. विद्यापीठाची नैतिक मंजुरी, स्थानिक संस्थेमार्फत आधी घेतलेली संमती आणि बाई दुभाषी, तिन्ही असतील तरच मुलाखत. कोणाच्याही अंगावरची माळ, कपाळावरचा भंडारा जवळून टिपायचा नाही.

शेवट नविलतीर्थच्या धरणावर. साठा सुमारे 37 टीएमसीचा. यातूनच हुबळी-धारवाडला प्यायचं पाणी जातं आणि नवलगुंद-नरगुंदकडच्या कालव्यांना सोडलं जातं. भिंतीवर जायला पाटबंधारे खात्याचं पत्र लागतं, फोटोला बंदी. इथे कणकुंबीची वही उघडायला लावा. म्हादईतून वळवायचे 3.9 आणि या धरणाचे 37 शेजारी मांडले की कोणासाठी किती पाणी येणार याचा हिशेब मुलं स्वतः करू लागतात.

तब्येतीचं थोडक्यात. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलीला इथलं जेवण धोक्याचं आहे, कारण कूट भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत, उसळीत कुठेही असतं आणि स्वयंपाकी ते वेगळा पदार्थ म्हणून मोजत नाही. कार्ड मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून द्या. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची, अर्धी पुडी ग्लासात नाही. कुत्रं किंवा माकड चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवून सरळ बेळगाव गाठायचं, लस त्याच दिवशी सुरू व्हायला हवी. सुटे पैसे शंभर-दोनशेच्या नोटांत ठेवा. परदेशी कार्ड खेड्यात चालत नाही.

क्रेडिटचा हिशेब कॉलेजला आधीच लिहून द्या. युरोपीय पद्धतीत सेमिस्टरला 30 क्रेडिट आणि एका क्रेडिटला 25 ते 30 तासांचं काम. चार दिवसांचं निरीक्षण, आधीचं वाचन आणि नंतरचा अहवाल मिळून एक क्रेडिट रास्त होतो, दोन मागू नयेत. अहवालाची मुदत परतल्यावर दहा दिवसांची, आणि त्याचा दोन पानी सारांश मराठी व कन्नडात करून कणकुंबी, खानापूर आणि सौंदत्तीच्या ज्या लोकांनी वेळ दिला त्यांना पोस्टानं पाठवायचा. त्याचा खर्च, भाषांतरासकट, सहलीच्या फीमध्ये पहिल्या दिवसापासून धरलेला असावा.