पाळी चुकली? आधी कॅलेंडर बघा, मग किट उघडा

मेडिकलमधून किट आणलं, टेस्ट केली, एकच रेष आली. आठवड्याने पुन्हा केली तर दोन. इतक्या जणींच्या बाबतीत हे घडतं की किटवरचा भरवसाच उडतो. किट सहसा बरोबर असतं, चुकलेला असतो तो टेस्टचा दिवस. म्हणून लक्षणांच्याही आधी तारखांबद्दल लिहिते आहे.

दिवस राहिले की एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होतं आणि किट फक्त तेच शोधतं. संबंध आला त्या दिवसापासून ते लघवीत दिसत नाही. फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजावं लागतं, मग एचसीजी आईच्या रक्तात उतरतं आणि रक्तातून लघवीत. बीज अंडाशयातून बाहेर पडल्यापासून रुजेपर्यंत ६ ते १२ दिवस जातात, बहुतेकींच्या बाबतीत ८ ते १०.

समजा, दोन मैत्रिणी आहेत, एक घणसोलीची आणि एक कळव्याची. दोघींनाही पाळी ३ जूनला आली. घणसोलीच्या मैत्रिणीचं चक्र २८ दिवसांचं, तिची पुढची तारीख १ जुलै. कळव्याच्या मैत्रिणीचं चक्र ३५ दिवसांचं, तिची पुढची तारीख ८ जुलै. बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. चक्र लांबतं तेव्हा लांबतो तो त्याचा पहिला भाग. म्हणजे पहिलीचं बीज १७ जूनच्या सुमारास बाहेर पडलं, २५ ते २७ जूनला रुजलं, आणि १ जुलैला तिच्या लघवीत किटला दिसण्याइतकं एचसीजी असण्याची बरीच शक्यता आहे. दुसरीचं बीज बाहेर पडलंच २४ जूनला, ते रुजणार २ ते ४ जुलैला. ‘महिना झाला, पाळी नाही’ म्हणून तिने १ जुलैला टेस्ट केली तर एकच रेष येणार, कारण तोवर काही रुजलेलंच नाही.

सुरुवातीच्या दिवसांत एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं. आपल्याकडची बहुतेक किटं एका मिलीलीटर लघवीत २५ मिली-युनिटच्या आसपास एचसीजी असेल तर रेष दाखवतात. आज १२ असेल तर रेष नाही. परवा २५ झालं की अगदी फिकट. आणखी दोन दिवसांनी ५० झालं की नीट दिसेल अशी. निगेटिव्ह आल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी दुसरं किट फोडण्यात काही अर्थ नाही तो यामुळेच. मधे निदान ४८ तास जाऊ द्या, तीन दिवस थांबलात तर उत्तम.

ज्यांची पाळी नियमित नाही, पीसीओडी आहे, किंवा बाळ अंगावर पितं आहे म्हणून पाळी अजून सुरूच झालेली नाही, त्यांनी पाळीची वाट बघू नये. बाळंतपणानंतरची पहिली पाळी येण्याआधीही बीज बाहेर पडू शकतं, त्यामुळे एकदाही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात. अशा वेळी शेवटच्या असुरक्षित संबंधापासून २१ दिवस मोजा आणि टेस्ट करा. तेव्हा सकाळची लघवी घेऊन, नीट केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर त्या संबंधातून दिवस राहिलेले नाहीत असं धरायला हरकत नाही. ७२ तासांत घ्यायची तातडीची गोळी घेतली असेल तरी हाच हिशोब. त्या गोळीने पाळी थोडी अलीकडे किंवा पलीकडे सरकते. अपेक्षित तारखेपेक्षा आठवडाभर उशीर झाला की टेस्ट कराच.

आता लक्षणं. छाती जड होणं, दुखणं, पोट फुगणं, कंबर धरणं, चिडचिड, दुपारी डोळे मिटणं, हे सगळं पाळीच्या आधीही होतं, कारण दोन्हींमागे प्रोजेस्टेरॉन हेच संप्रेरक असतं. बीज बाहेर पडलं की ते दर महिन्याला वाढतं, दिवस राहोत वा न राहोत. त्यामुळे तारीख उलटण्याआधी ‘मला जाणवतंय’ यावर फार विसंबू नये, ना आशेने, ना भीतीने. फरक पडतो तो पुढे: पाळी आली की छातीचं दुखणं उतरतं, दिवस राहिले असतील तर ते तसंच राहतं, उलट वाढतं.

मळमळ लोकांना वाटते तितक्या लवकर सुरू होत नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर ती साधारण सहाव्या आठवड्यात येते, म्हणजे तारीख चुकल्यावर दीड-दोन आठवड्यांनी. ती फक्त सकाळीच येते असंही नाही. त्याआधी बऱ्याच जणींचं नाक बदलतं. कुकरचं झाकण उघडल्यावर येणारी भाताची वाफ, बोंबील तळल्याचा वास, रोज वाशीच्या मसाला मार्केटवरून जाताना कधी न जाणवलेला मिरचीचा खाट एकदम असह्य होतो. तोंडाला धातूसारखी चव येते. याला पित्त समजून गोळ्या घेत राहणाऱ्या बायका खूप आहेत. तारीख उलटली असेल तर पित्ताच्या गोळीआधी टेस्ट करा.

वारंवार लघवी लागते ती मूत्रपिंडांकडे रक्ताचा ओघ वाढल्यामुळे. पोट वाढण्याआधीच हे सुरू होतं. मात्र लघवीला जळजळ होत असेल तर ते दिवस राहिल्याचं लक्षण नाही. तो संसर्ग असू शकतो, लघवी तपासून घ्या.

एक गोष्ट सगळ्यात जास्त फसवते. बीज रुजताना काहींना एक-दोन दिवस गुलाबी किंवा तपकिरी डाग लागतो, तोही नेमका पाळीच्या तारखेच्या आसपास. ‘आली पाळी’ म्हणून ती विषय सोडून देते आणि दोन महिन्यांनी कळतं. नेहमी चार दिवस जातं आणि या वेळी एकच दिवस, पॅड भरलंही नाही, असं झालं असेल तर ती पाळी धरू नका.

किट शंभर रुपयांच्या आत मिळतं, चिठ्ठी लागत नाही. दोन घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा दुकानात जावं लागत नाही. आशाताईंकडे आणि सरकारी आरोग्य केंद्रांत ‘निश्चय’ नावाचं किट असतं, त्याला पैसे पडत नाहीत. महागडं किट जास्त खरं सांगतं असं नाही. पाकिटावरची मुदत मात्र बघा. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात किट बाथरूमच्या कपाटात ठेवू नका. जून ते सप्टेंबर ठाण्यात चादरी वाळत नाहीत, तिथे आतली कागदी पट्टी कशी कोरडी राहील? म्हणून तर पाकिटात दमट हवा शोषणारी छोटी पुडी घातलेली असते. पाकीट टेस्टच्या क्षणीच फाडायचं, आदल्या रात्री नाही.

सकाळची पहिली लघवी घ्या, कारण रात्रभर साठलेली असल्याने ती दाट असते. ऐरोली-महापेला रात्रपाळी करणाऱ्यांसाठी ‘सकाळ’ म्हणजे त्यांच्या सलग झोपेनंतरची वेळ, मग घड्याळात दुपारचे तीन का वाजले असेनात. ते शक्यच नसेल तर निदान चार तास लघवी केलेली नसावी, आणि लवकर लागावी म्हणून तांब्याभर पाणी पिऊ नये. पाण्याने लघवी पातळ होते आणि फिकट रेष नाहीशी होते.

लघवी नव्या कागदी कपात किंवा किटबरोबर दिलेल्या भांड्यात घ्या. साबणाने धुतलेली वाटी, बाथरूमचा मग नको. किट सपाट जागेवर ठेवा. ‘एस’ लिहिलेल्या खळग्यात ड्रॉपर उभा धरून कागदावर सांगितले असतील तेवढेच थेंब टाका, बहुतेक दोन ते तीन. बुडबुडा आला तर तो थेंब मोजू नका. कमी पडलं तर ओल शेवटपर्यंत पोहोचत नाही, जास्त झालं तर पट्टी भरून वाहते आणि रंग फिसकटतो. मग किट हलवू नका. खिडकीत गुलाबी छटा हळूहळू पुढे सरकताना दिसते. बहुतेक किटांमध्ये तो गुलाबी रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. एचसीजीला पकडून ते कण किटवर ‘टी’ लिहिलेल्या जागी अडकतात आणि उरलेले ‘सी’ लिहिलेल्या जागी. ‘सी’ची रेष आली म्हणजे पट्टी नीट चालली, एवढंच. ती आलीच नाही तर ‘टी’ला काहीही दिसो, ते किट बाद.

मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावा, किंवा कागदावर असेल तेवढ्या मिनिटांचा. वेळेत आलेली ‘टी’ची रेष फिकट असली तरी रंग गुलाबी असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह आहे. फिकट याचा अर्थ ‘अर्धवट’ नाही, एचसीजी अजून कमी आहे एवढाच. पण किट कपाटावर ठेवून दोन तासांनी पाहिलं आणि राखाडी, रंगहीन ओरखड्यासारखी रेष दिसली, तर ती लघवी वाळल्याची खूण असते. ती मोजायची नाही. कचऱ्यातून किट काढून पुन्हा बघू नका.

साखर, मीठ, टूथपेस्ट यांच्या घरगुती टेस्ट खोट्या आहेत. खडूची भुकटी असलेल्या टूथपेस्टला कुणाचीही आम्लयुक्त लघवी लागली की फेस येतो, पुरुषाचीसुद्धा. ब्लीच तर घेऊच नका, लघवीत मिसळल्यावर त्यातून घशाला घातक वायू सुटतो.

पॉझिटिव्ह रेष खोटी ठरण्याची कारणं थोडी आहेत. बीज फुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते १० ते १४ दिवस किटला दिसू शकतं. नुकताच गर्भपात किंवा बाळंतपण झालं असेल तर जुनं एचसीजी काही आठवडे रेंगाळतं. अँटिबायोटिक किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी रेष बदलत नाही. कधी आज दोन रेषा येतात आणि चार-पाच दिवसांनी पाळी सुरू होते. गर्भ रुजला होता पण टिकला नाही, असं ते असतं. बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो. पपई खाल्ली, जिना चढली, लोकलमध्ये उभी राहिली म्हणून ते झालं असं बाईच्या माथी कुणी मारू नये, आणि तिनेही स्वतःला दोष देऊ नये.

टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस वहीत लिहा. डॉक्टर आठवडे तिथूनच मोजतात. म्हणून पाळी चुकली त्या दिवशीच ‘चार आठवडे’ सांगितले जातात, संबंध दोन आठवड्यांपूर्वीचा असला तरी. या एका हिशोबावरून घरात नको ते संशय येतात, तेव्हा नवऱ्यालाही हे आधीच समजावून सांगा. त्या तारखेत ९ महिने ७ दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख मिळते: ३ जूनची १० मार्च. ३५ दिवसांचं चक्र असेल तर आणखी सात दिवस, १७ मार्च.

फॉलिक अॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम लगेच सुरू करायचं असतं. खरं तर ते आधीपासून हवं, कारण बाळाचा मज्जारज्जू ज्या नळीतून बनतो ती सहाव्या आठवड्यातच मिटते. मधुमेह किंवा फिटचा त्रास असेल तर डोस वेगळा लागू शकतो, तो डॉक्टर ठरवतील. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ते आजच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. फिट, रक्तदाब, थायरॉईड यांच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, फोन करून विचारा. सोनोग्राफीसाठी सहावा-सातवा आठवडा उलटू द्या. पाचव्या आठवड्यात घाईने केली तर ठोके दिसत नाहीत आणि विनाकारण जीव टांगणीला लागतो. नवी मुंबईत महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात, ठाण्यात महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा प्रसूतिगृहात १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, खासगीत दाखवत असलात तरी.

मूल नको असेल तरी आधी डॉक्टर. १९७१ च्या कायद्याने आणि त्यातल्या २०२१ च्या सुधारणेने गर्भपात ठरावीक मर्यादेत कायदेशीर आहे. सज्ञान बाईला स्वतःचीच संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घेऊ नका. गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहक नळीत असेल तर त्या गोळ्या त्याच्यावर काम करत नाहीत, आणि झालेल्या रक्तस्रावामुळे ‘झालं मोकळं’ असं वाटतं.

गर्भ कुठे आहे ते किट सांगत नाही. तांबी बसवलेली असताना किंवा नसबंदीनंतर टेस्ट पॉझिटिव्ह आली, किंवा आधी कधी नळीत गर्भ राहिला होता, तर आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. टेस्ट पॉझिटिव्ह असताना पोटात एका बाजूला सतत दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर नळी फुटलेली असू शकते. अंगावरचं जाणं थोडंसंच असलं तरी आत रक्त साठत असतं. संध्याकाळी घोडबंदर रोड तुंबलेला असतो म्हणून सकाळवर ढकलू नका. १०८ ला फोन करा आणि फोनवरच सांगा: टेस्ट पॉझिटिव्ह आहे, शेवटची पाळी अमुक तारखेला आली होती, दुखतंय ते या बाजूला.